पेशीचे आवरण, गुरुजी आणि कोलेस्टेरॉलची गोळी

अकोटात थंडी पडली की खोबरेल तेलाची बाटली गोठते; शेजारचे जवसाचे तेल मात्र वाहतेच राहते. खोबरेलातील स्निग्धाम्लांच्या साखळ्या बहुतांशी सरळ असतात, जवसातील बाकदार. आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे, तुराट्यांची मोळी घट्ट बसते, पऱ्हाट्यांची सैल राहते.

आपल्या प्रत्येक पेशीचे आवरणही अशाच साखळ्यांचे असते. स्निग्ध रेणूंचे दोन थर, जाडी जेमतेम सात-आठ नॅनोमीटर. दोन थरांचा हा अंदाज १९२५ साली हॉलंडमधील गॉर्टर व ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींवरून बांधला. १९७२ मध्ये सिंगर व निकोल्सन यांनी मांडले की हे आवरण भिंतीसारखे घट्ट नाही. त्यातील रेणू सतत सरकतात आणि प्रथिने त्यात तरंगतात. त्या साखळ्यांमध्ये कोलेस्टेरॉल बसलेले असते. ते उष्णतेत आवरणाला फार सैल होऊ देत नाही आणि गारठ्यात थिजूही देत नाही.

नेमकी हीच माहिती कुठेतरी वाचून आमच्या एका सेवानिवृत्त गुरुजींनी, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला असताना, कोलेस्टेरॉलची गोळी परस्पर बंद केली. ‘पेशींना जे हवे तेच का कमी करायचे?’ हा त्यांचा प्रश्न. सूनबाईंनी गोळ्यांचे भरलेले पाकीट दवाखान्यात आणून दाखवले, म्हणून मला कळले.

प्रश्न रास्त होता, निष्कर्ष घातक. आवरणाला लागणारे कोलेस्टेरॉल शरीर स्वतः तयार करते. गोळीमुळे यकृतातील निर्मिती मंदावते, म्हणून यकृत रक्तातले जादा कोलेस्टेरॉल ओढून घेते. धमनीच्या भिंतीत साचते ते हेच. नेहमीच्या मात्रेत पेशी उपाशी राहत नाहीत. स्नायू दुखणे वगैरे त्रास झाल्यास डॉक्टरांना सांगावे. गोळी बदलता येते.

गुरुजींचा पुढचा प्रश्न जवसाचा होता. आहारातील स्निग्धाम्ले पेशींच्या आवरणात पोहोचतात, हे खरे. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग ओमेगा-३ प्रकारचा असतो. परंतु मासळीत असते तशा लांब साखळीत त्याचे रूपांतर शरीर फारच थोडे करते. तेव्हा चटणी अवश्य खावी, गोळीच्या बदल्यात नव्हे. जवस भाजून कुटलेलेच घ्यावेत. कवळी लावणाऱ्यांकडून अख्खे दाणे नीट चावले जात नाहीत आणि तसेच बाहेर पडतात. वर पाणीही पुरेसे प्यावे. रक्त पातळ करणारे औषध चालू असणाऱ्यांनी रोज जवस सुरू करण्यापूर्वी विचारावे.

आता गुरुजींच्या जेवणाच्या ताटाशेजारी चटणीची बरणी असते, आणि रात्रीची गोळी सूनबाई स्वतः हातावर ठेवतात.