विश्लेषण : घर खरेदी-विक्रीसाठी एजंट निवडताना काय तपासावे? महारेराचा क्रमांक पुरेसा आहे का?

घर ही बहुतेक कुटुंबांची आयुष्यातील सर्वांत मोठी खरेदी. मात्र ती ज्याच्या भरवशावर होते, तो एजंट अनेकदा पोर्टलवरच्या जाहिरातीतून किंवा सोसायटीच्या वॉचमनकडून मिळालेल्या नंबरवरून ठरतो. ‘महारेरा नोंदणीकृत’ एवढे व्हिजिटिंग कार्डवर दिसले की पुढची चौकशी थांबते. ही नोंदणी नेमके कशाचे संरक्षण देते आणि कुठे थांबते?

कायदा काय सांगतो?

स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, 2016 म्हणजेच ‘रेरा’ कायद्याच्या कलम 9 नुसार, नोंदणीकृत प्रकल्पातील घर, दुकान किंवा भूखंडाच्या विक्रीत मध्यस्थी करण्यासाठी एजंटाची नोंदणी बंधनकारक आहे. दलाल, ब्रोकर, चॅनल पार्टनर अशी नावे वेगवेगळी असली तरी कायद्याच्या लेखी ते सगळे एजंटच. नोंदणीशिवाय काम केल्यास कलम 62 नुसार दररोज 10 हजार रुपये आणि एकूण घराच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. महाराष्ट्रात ही नोंदणी पाच वर्षांसाठी असते. शिवाय 10 जानेवारी 2023 च्या आदेशाने महारेराने एजंटांसाठी प्रशिक्षण, परीक्षा आणि सक्षमता प्रमाणपत्र लागू केले.

नोंदणी कशी तपासायची?

महारेराच्या संकेतस्थळावर एजंटाचे नाव किंवा प्रमाणपत्र क्रमांक टाकून नोंदणी पाहता येते. प्रकल्पाचा क्रमांक ‘पी’ या इंग्रजी अक्षराने, तर एजंटाचा ‘ए’ने सुरू होतो. काही एजंट प्रकल्पाचाच क्रमांक स्वतःचा असल्यासारखा पुढे करतात, त्यामुळे हे पहिले अक्षर बघणे महत्त्वाचे. नोंदणीची मुदत संपलेली नाही ना आणि प्रमाणपत्रावरचे नाव समोरच्या व्यक्तीचे किंवा तिच्या संस्थेचेच आहे ना, हेही पाहावे. नव्या प्रकल्पात आणखी एक पडताळणी शक्य आहे. बिल्डरला आपल्या एजंटांची नावे महारेराकडे द्यावी लागतात. त्या यादीत हे नाव नसेल, तर कारण विचारावे.

मग क्रमांक पुरेसा का नाही?

कारण कलम 9 चा रोख प्रवर्तक म्हणजे बिल्डर विकत असलेल्या, नोंदणीकृत प्रकल्पातील घरांवर आहे. वीस वर्षे जुन्या सोसायटीतील फ्लॅट त्याचा मालक विकत असेल, तर त्या रिसेल व्यवहारासाठी एजंटाची नोंदणी या कलमाखाली सक्तीची ठरत नाही. नोंदणी असलेला एजंट तिथेही केव्हाही बरा. पण रिसेलमध्ये खरा आधार क्रमांकाचा नसून लेखी कराराचा असतो. आणि नेमका तोच बहुतेक व्यवहारांत नसतो.

एजंट नेमका कोणाचा?

नव्या प्रकल्पात चॅनल पार्टनरचे कमिशन साधारणपणे बिल्डर देतो. ग्राहकाला वेगळी दलाली पडत नाही, म्हणून सल्ला फुकट वाटतो. प्रत्यक्षात तो बिल्डरच्या पैशातून येतो. रिसेलमध्ये एकच एजंट अनेकदा दोन्हीकडून दलाली घेतो. यात बेकायदा काही नाही, पण ते दोन्ही पक्षांना आधी माहीत असायला हवे.

दलालीचे गणितही समजून घेण्यासारखे आहे. समजा, 80 लाखांच्या फ्लॅटवर 2 टक्के दलाली ठरली. ती होते 1 लाख 60 हजार रुपये. एजंट जीएसटी नोंदणीकृत असेल, तर त्यावर 18 टक्के म्हणजे आणखी 28 हजार 800 रुपये. आता घासाघीस करून किंमत 2 लाखांनी खाली आली, तर खरेदीदाराचे 2 लाख वाचतात; एजंटाचे मात्र 4 हजारच कमी होतात. उलट बाजूने, विक्रेत्याला 2 लाख जास्त मिळवून दिले तरी एजंटाच्या हाती 4 हजारच वाढीव पडतात. म्हणजे किंमत वर गेली की खाली आली यापेक्षा व्यवहार लवकर पूर्ण होण्यात त्याचा फायदा अधिक. ‘आजच टोकन द्या, दुसरी पार्टी तयार आहे’ हे वाक्य याच गणितातून येते.

एजंटाने सांगितलेली किंमत कशी पडताळायची?

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरील ई-सर्च सुविधेत नोंदणीकृत दस्तांचा ‘इंडेक्स 2’ पाहता येतो. त्याच इमारतीत किंवा शेजारी अलीकडे झालेल्या विक्रीची नोंदवलेली रक्कम त्यात दिसते. ‘या भागात हाच रेट चालू आहे’ या दाव्यासमोर ठेवायला याहून चांगला कागद नाही. इतर खर्चांचीही अशीच शहानिशा करावी. उदाहरणार्थ, महापालिका क्षेत्रातील गृहनिर्माण सोसायट्यांना हस्तांतरण अधिमूल्य कमाल 25 हजार रुपयांपर्यंतच घेता येते. एजंट ‘सोसायटी ट्रान्सफर’च्या नावाखाली याहून मोठा आकडा सांगत असेल, तर सोसायटीच्या कार्यालयात थेट विचारावे.

करारात काय लिहून घ्यावे?

दोन पानांचा करारही पुरतो, पण त्यात पाच गोष्टी स्पष्ट हव्यात.

- दलाली किती टक्के, जीएसटी धरून की वेगळा.
- ती कधी द्यायची : टोकनच्या वेळी, करारनाम्याच्या नोंदणीनंतर की ताबा मिळाल्यावर.
- व्यवहार मोडल्यास, विशेषतः गृहकर्ज नामंजूर झाल्यास, दलालीचे काय.
- एजंट समोरच्या पक्षाकडूनही दलाली घेणार आहे का.
- काम काय : फक्त घर दाखवणे, की कागदपत्रे, बँक आणि नोंदणीपर्यंत सोबत राहणे.

विक्रेत्यांनी काय पाहावे?

एकच फ्लॅट पाच-सहा एजंटांना दिला, की पोर्टलवर तो पाच-सहा वेगवेगळ्या किमतींना दिसू लागतो आणि खरेदीदाराला घरातच काही खोट असल्याची शंका येते. दोन-तीन एजंट निवडून सर्वांना एकच किंमत सांगणे बरे. एकाच एजंटाला काम द्यायचे असेल, तर त्याची मुदत लिहून घ्यावी. मूळ कागदपत्रे एजंटाकडे ठेवू नयेत, छायाप्रतीच द्याव्यात. विक्रीचे कुलमुखत्यारपत्र तर एजंटाच्या नावे करूच नये.

पैसे देताना कोणती काळजी?

टोकन थेट मालकाच्या किंवा बिल्डरच्या खात्यात आणि बँकेमार्फतच द्यावे, एजंटाच्या हातात नाही. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20 हजार रुपये किंवा त्याहून अधिक आगाऊ रक्कम रोखीने स्वीकारण्यास प्राप्तिकर कायदा मनाई करतो; स्वीकारणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. नव्या प्रकल्पात नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ‘बुकिंग पक्के करायला 20 टक्के भरा’ असे एजंट सांगत असेल, तर तो कायद्याविरुद्धच सल्ला देत आहे.

फसवणूक झाल्यास दाद कुठे?

नोंदणीकृत प्रकल्पातील व्यवहार असेल, तर कलम 31 नुसार एजंटाविरुद्ध महारेराकडे तक्रार करता येते. रिसेलमध्ये दलाली देऊन घेतलेल्या सेवेतील त्रुटीसाठी जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. गुन्हेगारी स्वरूपाची फसवणूक असेल, तर पोलिस ठाण्याचा. तिन्ही ठिकाणी पहिला प्रश्न एकच असतो : ठरले काय होते, त्याचा कागद कुठे आहे? म्हणूनच ‘आपल्यात कसला करार, विश्वास ठेवा’ असे म्हणणारा एजंट कितीही ओळखीचा असला, तरी दुसरा शोधलेला बरा.