गाडीतला पंखा आणि उडालेला फ्यूज

पावसाळ्याचे दिवस. गाडी घाटातून चालली आहे. समोरच्या काचेवर आतून धुके साचते आणि नेमका ते घालवणारा पंखा बंद पडतो. फ्यूज पाहावा तर उडालेला. नवा घातला, तोही उडाला. "तांब्याची तार गुंडाळा, पुन्हा उडणार नाही!" असा सल्ला अशा वेळी हटकून मिळतो. तो मानावा का? ओहमच्या नियमालाच विचारू या.

गाडीच्या बॅटरीचा दाब 12 व्होल्ट असतो. समजा, पंख्याच्या मोटरचा रोध 0.4 ओहम आहे. 12 ला 0.4 ने भागले की 30 अँपिअर प्रवाह येतो. पण पंखा नीट फिरत असताना, समजा, 8 अँपिअरच वाहतात. असे का? कारण फिरणारी मोटर त्याच वेळी जनित्राचेही काम करते आणि तिच्यात उलट दाब निर्माण होतो. आपल्या उदाहरणात तो 8.8 व्होल्ट आहे. उरलेले 3.2 व्होल्टच प्रवाह ढकलतात.

आता पात्यांत पाने अडकून मोटर थांबली, तर उलट दाब नाहीसा होतो. पुरते 30 अँपिअर वाहू लागतात आणि 15 अँपिअरचा फ्यूज काही सेकंदांत वितळतो.

दुसरेही कारण संभवते. तारेचे आवरण घासले जाऊन ती गाडीच्या पत्र्याला टेकते. बॅटरीचे ऋण टोक पत्र्यालाच जोडलेले असल्याने प्रवाहाला जवळजवळ रोधच उरत नाही.

दोष नेमका कोठे, हे जाणकार मेकॅनिक दिव्याने ओळखतो. फ्यूजच्या जागी तो 12 व्होल्ट, 55 वॅटचा दिवा जोडतो. दिव्यामुळे प्रवाह पाच अँपिअरच्या आतच राहतो. मग तो मोटरची जोडणी सोडवतो. दिवा तरीही झगझगीत राहिला, तर दोष तारेत. विझला, तर मोटरकडे.

आणि तांब्याची तार? उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 15 ऐवजी 30 अँपिअर वाहिले की चौपट उष्णता! फ्यूज वितळला नाही, तर आतल्या तारांचे आवरण जळते आणि गाडी पेटू शकते. म्हणून आधी दोष शोधावा, मग ठरलेल्या अँपिअरचाच फ्यूज घालावा.

जाता जाता एक प्रश्न: पंखा सर्वांत जास्त वेगावर चालतो, कमी वेगावर मुळीच नाही. फ्यूज शाबूत आहे. मग काय जळाले असेल? वेग कमी करण्यासाठी मोटरबरोबर एकसरीत काय जोडतात, ते आठवा!