मधुमेही सभासदांनो, मूत्रपिंडे सांभाळा



तोड घेण्यापूर्वी आपण उसाचा ब्रिक्स पाहतो. लागणीपूर्वी मातीचा नमुना प्रयोगशाळेत धाडतो. पण घरातल्या कर्त्या माणसाला दहा वर्षे साखरेचा आजार असला, तरी वर्षातून एकदा त्याची लघवी तपासून घ्यावी, हे आपल्या ध्यानात राहत नाही. या हलगर्जीची किंमत फार मोठी आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

मधुमेह हा शहरातल्या श्रीमंतांचा आजार, असे आपण समजत होतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची जी देशव्यापी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात ग्रामीण भागात शंभर प्रौढांमागे जवळजवळ नऊ मधुमेही आढळले. आणि साधारण दर तीन मधुमेहींत एकाच्या मूत्रपिंडांना, म्हणजे किडनीला, पुढे इजा होते.

ही इजा कशी होते? मूत्रपिंड म्हणजे ठिबक संचाचा फिल्टरच समजा. रक्तातली घाण बाहेर टाकायची आणि कामाचे ते आत राखायचे, हे त्याचे काम. रक्तात साखर सतत जास्त राहिली की ही बारीक जाळी खराब होते. त्यात रक्तदाब वाढलेला असला, तर जादा दाबाने ती लवकर फाटते. मग अंगातली प्रथिने लघवीवाटे जाऊ लागतात. वाईट हे, की सुरुवातीला काहीच दुखत नाही.

आमच्या भावकीतल्या एका चुलत्यांचे असेच झाले. "मला काय व्हतंय? दोन भाकरी खातोय की!" असे ते म्हणायचे. साखरेच्या गोळ्यांनी किडनी खराब होते असे कुणीतरी सांगितले, म्हणून त्या सोडल्या. उलट रात्रीचे पाणी भरून गुडघे दुखत, म्हणून दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी मात्र रोज. पायांवर सूज आली तेव्हा दवाखाना गाठला, पण फार उशीर झाला होता. आता आठवड्यातून दोनदा, चार-चार तास डायलिसिस. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश असल्याने खर्चाचा भार हलका झाला. पण बरोबर जाणाऱ्या मुलाचे दिवस मोडतात, आणि घरचा ऊस दुसऱ्याच्या भरवशावर पडला आहे.

तेव्हा प्रत्येक मधुमेहीने वर्षातून एकदा दोन तपासण्या कराव्यात. पहिली लघवीतील अल्ब्युमिनची. क्रिएटिनिनच्या प्रमाणात काढलेला हा आकडा ३० मिलिग्रॅमच्या आत असावा. दुसरी रक्तातील क्रिएटिनिनची. तिच्यावरून 'ईजीएफआर' हा आकडा काढतात. तो तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली राहिला, तर मूत्रपिंडाचा आजार धरतात. वेळीच कळले तर रक्तदाबावरील काही औषधे व साखरेवरील काही नव्या गोळ्या मूत्रपिंडांचे रक्षण करतात. त्या डॉक्टरांनीच ठरवायच्या. साखरेच्या चालू गोळ्याही त्यांना विचारल्याशिवाय सोडू नयेत.

घरी पाळावयाच्या गोष्टी अशा :

१. तीन महिन्यांची सरासरी साखर बहुतेकांनी ७ च्या आसपास व रक्तदाब १३०/८० च्या आत ठेवावा. वयस्कर माणसांसाठी डॉक्टर वेगळा आकडा सांगतील.

२. दिवसाचे मीठ सगळे मिळून चहाच्या एका चमच्याच्या आत. लोणचे, पापड, खारवलेली मिरची यांतले मीठही त्यातच धरावे.

३. अंगदुखीची गोळी व खात्री नसलेले भस्म मनाने घेऊ नये.

४. बिडी, तंबाखू, मिश्री बंद करावी.

५. उन्हाळ्यात रानात जाताना पाणी बरोबर न्यावे. उलटी-जुलाब झाले तर कोणत्या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या, हे डॉक्टरांकडून आधीच समजून घ्यावे.

गूळ आपल्याच उसाचा आणि घरच्या गुऱ्हाळाचा असला, तरी रक्तात गेल्यावर तो साखरच. साखर पिकविणाऱ्यांनीच हे कबूल केले पाहिजे!

या हंगामात उसाच्या बिलाचे पैसे हाती आले, की खत-बियाण्यांच्या यादीत या दोन तपासण्यांचा खर्चही लिहावा, आणि घरातल्या मधुमेही माणसाला स्वतः बरोबर घेऊन जावे, एवढीच विनंती.