उड्डाण नियोजन, अल्प अंतराचे
उड्डाण नियोजन, अल्प अंतराचे : विमानाने जमीन सोडण्यापूर्वी मार्ग, उंची, दिशा, वेळ, इंधन, भार व हवामान यांचा परस्परांशी मेळ घालून उड्डाणाचा जो आराखडा तयार करतात, त्यास उड्डाण नियोजन म्हणतात. लांब पल्ल्याच्या उड्डाणाइतकेच ते अल्प अंतराच्या उड्डाणासही आवश्यक असते; कारण अंतर कमी झाले, तरी विचारात घ्यावयाच्या बाबींची संख्या कमी होत नाही, मात्र हवेत असताना चूक सुधारण्यास मिळणारा अवधी कमी होतो. खानदेशातील जळगाव–धुळे हा मार्ग याचे सोयीचे उदाहरण होय.

दोन्ही तळ : जळगावची धावपट्टी सार्वजनिक बांधकाम खात्याने १९७३ मध्ये आणि धुळ्याजवळील गोंदूर येथील धावपट्टी १९७४ मध्ये बांधली. जळगावचा विस्तारित विमानतळ २०१२ मध्ये सुरू झाला; त्याची पूर्व–पश्चिम धावपट्टी सु. १,७०० मी. लांब आहे. ‘उडान’ योजनेखाली डिसेंबर २०१७ मध्ये तेथून मुंबईला प्रवासी सेवा सुरू झाली. धुळ्याचा तळ मुख्यत्वे वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी वापरण्यात आला असून १९२८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबने तेथे प्रशिक्षण चालविले आहे. ही दोन शहरे रस्त्याने सु. दोन तासांच्या अंतरावर असल्याने त्यांच्यामधील हवाई प्रवासाला व्यापारी महत्त्व नाही. प्रशिक्षणार्थीच्या मार्गनिर्देशनाच्या सरावास मात्र असे अंतर सोयीचे ठरते.

मार्ग व खुणा : वैमानिकीत आजही अंतर नाविक मैलांत (१ नाविक मैल = १.८५२ किमी.), वेग नॉटमध्ये (ताशी नाविक मैल) व उंची फुटांत मोजतात. दोन्ही तळांमधील सरळ अंतर सु. ९३ किमी. (५० नाविक मैल) आहे. मार्ग जवळजवळ पश्चिमेकडे, खऱ्या उत्तरेपासून सु. २६८° दिशेने जातो. या भागात चुंबकीय दिक्पात एका अंशाहून कमी असल्यामुळे नकाशावरील दिशा व होकायंत्रावरील दिशा यांत फारसा फरक पडत नाही.

मार्ग तापीच्या दक्षिणेकडील सपाट प्रदेशावरून जातो. उत्तरेस सातपुडा व दक्षिणेस सातमाळा–अजिंठ्याच्या रांगा असल्या, तरी मार्गरेषेवर उंच डोंगर नाहीत. गिरणा, अंजनी, बोरी व पांझरा या दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहत जाणाऱ्या नद्या मार्गाला क्रमाने छेदतात. उन्हाळ्यात त्यांची पात्रे पाण्याऐवजी वाळूच्या पट्ट्यांसारखी दिसतात, हे ध्यानी ठेवावे लागते. एरंडोल (सु. ३१ किमी.) व पारोळा (सु. ५३ किमी.) ही गावे आणि त्यांना जोडणारा राष्ट्रीय महामार्ग मार्गरेषेच्या किंचित दक्षिणेस राहतो. अमळनेरवरून जाणारा सुरत–भुसावळ लोहमार्ग उत्तरेस राहतो. विमान लोहमार्गावर आले, तर ते उजवीकडे भरकटले आहे, असा निष्कर्ष वैमानिकास तत्काळ काढता येतो.

वारा, दिशा व वेळ : विमानाचा हवेतील वेग व जमिनीच्या सापेक्ष वेग (भूगती) हे भिन्न असतात. ९० नॉट वेगाच्या दोन आसनी प्रशिक्षण विमानास वारा नसताना या मार्गावर सु. ३३ मिनिटे लागतात. पावसाळ्यात पश्चिमेकडून २० नॉट वारा असेल, तर भूगती ७० नॉट होऊन ४३ मिनिटे लागतात. परतीस २७ मिनिटे पुरतात. जाण्यायेण्याची बेरीज वारा नसतानाच्या बेरजेपेक्षा अधिकच भरते, कारण विमान प्रतिकूल वाऱ्यात जास्त वेळ राहते.

वारा नैर्ऋत्येकडून असेल, तर तो विमानास बाजूलाही ढकलतो. २० नॉटच्या अशा वाऱ्यात विमानाचे नाक मार्गाच्या डावीकडे सु. ९° वळवून ठेवावे लागते. तसे न केल्यास चाळीस मिनिटांनंतर विमान गोंदूरऐवजी सु. १७ किमी. उत्तरेस, सोनगीरच्या बाजूस पोहोचते. प्रत्येक खुणेपाशी पोहोचण्याची अपेक्षित वेळ आधी लिहून ठेवतात, ती यासाठीच. पारोळा १९ मिनिटांऐवजी २४ मिनिटांनी आले, तर वारा अपेक्षेपेक्षा जोराचा आहे हे कळते व पुढील वेळ आणि इंधन यांचा हिशेब तेथेच दुरुस्त करता येतो. [⟶ मार्गनिर्देशन].

इंधन व भार : ताशी २४ लि. इंधन लागणाऱ्या विमानास वारा नसताना धुळ्यास जाण्यापुरते १३–१४ लि. पुरतात. पण नियोजनात प्रतिकूल वाऱ्यातील ४३ मिनिटे, धुळ्यास उतरता न आल्यास जळगावला परतण्याची २७ मिनिटे व दिवसाच्या उड्डाणासाठीची ३० मिनिटांची राखीव तरतूद धरावी लागते. या १०० मिनिटांस ४० लि. आणि जमिनीवरील चाल व चढण यांसाठी सु. ५ लि., असे एकूण ४५ लि. होतात, म्हणजे प्राथमिक अंदाजाच्या तिपटीहून अधिक. टाकी पूर्ण भरणे हा सर्वत्र सुरक्षित उपाय नव्हे. लहान विमानात दोन प्रौढ व्यक्ती, सामान व पूर्ण इंधन मिळून अनुज्ञेय वजनाची मर्यादा ओलांडली जाण्याचा संभव असतो.

उष्णता : खानदेशात मे महिन्यात तापमान ४५° से.पर्यंत जाते. तापलेली हवा विरळ असल्याने पंखांना मिळणारी उत्थापक प्रेरणा व एंजिनाची शक्ती, दोन्ही घटतात. समुद्रसपाटीपासून सु. २५० मी. उंचीवरील जळगावची हवा अशा दुपारी प्रमाणित वातावरणातील सु. १,४०० मी. उंचीवरील हवेइतकी विरळ होते; महाबळेश्वरची उंचीही सु. १,३७२ मी. आहे. उड्डाणासाठी लागणारी धाव समुद्रसपाटीवरील प्रमाणित स्थितीच्या मानाने जवळजवळ दीडपट होते व चढण मंदावते. त्यामुळे उन्हाळ्यातील उड्डाणे पहाटेनंतर लगेच ठेवणे हितावह असते. सायंकाळी पश्चिमेकडे जाताना मावळता सूर्य समोर येऊन धावपट्टी दिसणे कठीण होते, हीही सकाळ निवडण्यास अनुकूल बाब होय.

हवामान व नियम : जमिनीवरील खुणा पाहून केलेल्या उड्डाणास दृश्य उड्डाण नियम लागू होतात. त्यांनुसार नियंत्रित विमानतळावर किमान ५ किमी. दृश्यमानता व १,५०० फूट उंचीवर ढगांचा तळ आवश्यक असतो. ३,००० फुटांहून वर पश्चिमेकडे जाणारी विमाने सम हजारांत ५०० मिळवून (उदा., ४,५०० फूट) व पूर्वेकडे जाणारी विषम हजारांत ५०० मिळवून (उदा., ५,५०० फूट) उडतात, त्यामुळे समोरासमोर येणाऱ्या विमानांत उंचीचे अंतर राहते. पावसाळ्यात ढग खाली आल्यास हे नियम पाळणे अशक्य होते. अशा वेळी ढगांखालून जमिनीलगत जाण्याऐवजी उड्डाण रद्द करणे हाच नियोजनाचा योग्य निष्कर्ष ठरतो.

उड्डाणापूर्वी उड्डाण आराखडा हवाई वाहतूक सेवेकडे दाखल करून हवाई संरक्षण विभागाचा अनुमती क्रमांक घेतात. उतरण्याच्या तळाची पूर्वपरवानगीही आवश्यक असते. नियंत्रण मनोरा नसलेल्या तळावर उतरल्यास तसे कळवून आराखडा बंद करणे ही वैमानिकाची जबाबदारी असते. अपेक्षित वेळेनंतर ३० मिनिटांत संपर्क न झाल्यास विमानाविषयी अनिश्चिततेची अवस्था जाहीर होते व पुढे शोधकार्य हाती घेतात. विस्मरणामुळे शोधपथके विनाकारण गुंतून पडू शकतात. उलट, आराखडा दिलाच नसेल, तर विमान संकटात सापडल्याचे वेळेवर कळतही नाही.

लहान विमानांच्या अल्प उड्डाणांतील धोक्याची जाणीव या प्रदेशास आहे. १६ जुलै २०२१ रोजी चोपडा तालुक्यातील वर्डी गावाच्या परिसरात, सातपुड्याच्या पायथ्याच्या भागात, एक प्रशिक्षण विमान कोसळून प्रशिक्षक मृत्युमुखी पडला व प्रशिक्षणार्थी वैमानिक जखमी झाली. उपग्रहाधारित उपकरणे आता विमानाचे स्थान अचूक दर्शवितात. तथापि इंधन किती न्यावे, परत केव्हा फिरावे व उड्डाण करावे की नाही, हे निर्णय वैमानिकालाच घ्यावे लागतात. अर्ध्या तासाच्या उड्डाणात त्यांसाठी पुरेशी उसंत मिळत नाही. म्हणून त्यांपैकी बहुतेक निर्णय जमिनीवरच घेऊन ठेवणे, हे नियोजनाचे मुख्य प्रयोजन होय.