जुन्या सुरीची पारख आणि धार

आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेला विद्यार्थी शहरात भाड्याची खोली घेतो, तेव्हा त्याची पहिली भांडीखरेदी पुष्कळदा जुन्या बाजारातच होते. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी व बुधवारी पोत्यांवर जुन्या वस्तू मांडलेल्या असतात. अशा ढिगातून सुरी कशी निवडावी, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

बोथटपणा हा जुन्या सुरीचा दोष नव्हे. धार परत आणता येते. बिघडलेले पोलाद मात्र घरी सुधारत नाही. म्हणून पारख पोलादाची करावी. पाते डोळ्यासमोर धरून ते सरळ आहे का, हे पाहावे. धार सपाट फळीवर टेकवली असता मध्येच फट दिसली, तर ती सुरी वेडीवाकडी घासलेली आहे. वरवरचा तांबूस गंज निघतो. परंतु धारेलगत गंजाने छिद्रे पडली असतील, तर सुरी खाली ठेवावी.

सर्वांत फसवी खूण निळसर झाकेची. चाकावर कोरडे घासताना पोलाद सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की हा रंग चढतो आणि पोलादाचे पाणी उतरते. माझी पहिली सुरी अशीच होती. तो रंग मला शोभेचा वाटला होता! दर आठवड्याला धार लावावी आणि ती जावी. अखेर दारावर आलेल्या एका शिकलगाराने एका दृष्टिक्षेपात सांगितले, "गुरुजी, पाणी गेलंय हिचं." ‘शिकलगार’ या शब्दाच्या मुळाशी अरबी ‘सैकल’, म्हणजे शस्त्र उजळणे, आहे. एम.ए.ला लढायांच्या सनावळ्या मला मुखोद्गत होत्या. त्या तलवारींना धार कोण लावीत असे, हे एकाही प्रश्नपत्रिकेने विचारले नाही.

धार लावण्यास दुहेरी कार्बोरंडम दगड पुरेसा आहे. तो भिजवून ओल्या फडक्यावर ठेवावा. कागदाचा काटकोनी कोपरा दोनदा दुमडला की साडेबावीस अंशांचा कोन मिळतो. पाते दगडाशी साधारण तेवढेच कलते धरावे. खरखरीत बाजूवर एकच अंग घासत राहावे. दुसऱ्या अंगाला मुठीपासून टोकापर्यंत सूक्ष्म खरखर लागू लागली, म्हणजे धातू धारेपर्यंत झिजून पलीकडे वळला. बहुतेक जण याच्या आधीच थांबतात, आणि दगडाला दोष देतात. मग अंग बदलावे. नंतर गुळगुळीत बाजूवर हलक्या हाताने आलटून पालटून घासावे. शेवटी कमरेच्या जुन्या चामडी पट्ट्यावर धार मागे ठेवून पाते ओढावे, म्हणजे उरलेली खरखर निघते.

परीक्षेसाठी धारेवरून अंगठा फिरवू नये. धार दिव्याकडे धरावी. जेथे चकाकणारी रेघ दिसते, तेथे ती अजून बोथट आहे. पिकलेल्या टोमॅटोची साल न दाबता कापली गेली की काम झाले. लिंबू चिरल्यावर साध्या पोलादाची सुरी लगेच धुऊन कोरडी करावी, आणि ती भांड्यांच्या टोपलीत टाकू नये.