डाल्टनचे डोळे: गृहीतक चुकलं, निरीक्षणं टिकली

रिसर्च प्रपोजल लिहिताना स्वतःला एक प्रश्न विचारा: माझं गृहीतक चूक असेल, तर ते कळणार कसं? अणुसिद्धांतवाल्या जॉन डाल्टनने या प्रश्नाचं उत्तर देऊन ठेवलंय.

१७९२ मध्ये त्याच्या लक्षात आलं, की जिरेनियमचं गुलाबी फूल आपल्याला दिवसा आकाशी दिसतं आणि मेणबत्तीच्या उजेडात लालसर. इतरांना असा बदल दिसेना. सख्ख्या भावाला मात्र दिसला. १७९४ मध्ये मँचेस्टरच्या लिटररी अँड फिलॉसॉफिकल सोसायटीत त्याने यावर निबंध वाचला. त्याचं स्पष्टीकरण असं: आपल्या डोळ्यांतला काचद्रव निळसर असावा आणि तो लाल प्रकाश शोषून घेत असावा.

आता हे तपासायचं कसं? डाल्टनने सांगून ठेवलं, की मी गेल्यावर माझे डोळे उघडून बघा. १८४४ मध्ये तो वारला आणि डॉ. जोसेफ रॅन्समने ते तपासले. काचद्रव स्वच्छ, पारदर्शक निघाला. गृहीतक तिथेच संपलं.

पण गोष्ट संपली नाही. डोळ्यांचे अवशेष जपलेले होते. १९९५ मध्ये त्यातला डीएनए तपासला गेला. दोष द्रवात नव्हताच. नेत्रपटलातल्या शंकुपेशींमध्ये मध्यम तरंगलांबीचा, म्हणजे साधारण हिरवा, प्रकाश टिपणारं रंगद्रव्य नव्हतं. डाल्टनने लिहून ठेवलेली रंगांची वर्णनंही या निदानाशी जुळली.

म्हणून नोंदवहीत 'काय दिसलं' आणि 'का दिसलं असावं' हे वेगवेगळं लिहा. दुसरं चुकलं, तरी पहिलं कुणाच्या तरी कामी येतं.