तलवार, थैली आणि छापखाना

कलकत्त्याच्या आर्मेनियन सावकारांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला मात्र वर्षानुवर्षे ओढ आहे ती जोसेफ एमीन या एका हट्टी पुरुषाची. १७२६ साली इराणातील हमदानला जन्मलेला, कलकत्त्यात व्यापार करणाऱ्या बापाचा मार्ग सोडून १७५१ साली जहाजावर खलाशाचे काम पत्करणारा हा तरुण लंडनमध्ये हमाली करतो काय, एडमंड बर्कचा स्नेह आणि नॉर्दम्बरलंडच्या उमरावाचा आश्रय संपादतो काय, नि वुलिचच्या लष्करी विद्यालयात दाखल होतो काय! हे सारे त्याने १७९२ साली लंडनला प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात मोठ्या आवेशाने सांगितले आहे.

मिळवलेली युद्धविद्या त्याला स्वजातीच्या मुक्तीसाठी हवी होती. रशियाच्या दरबारी शिफारसपत्रे मिळवून १७६३ साली तो तिफ्लिसला जॉर्जियाच्या एरेक्ले राजापुढे रुजू झाला. जॉर्जियन आणि आर्मेनियन यांचा एकोपा घडवून तुर्क व इराणी सत्तांना शह द्यावा, हा त्याचा मनसुबा. परंतु एच्मियाद्झिन येथील आर्मेनियन धर्मपीठाचे अधिपती सिमेओन यांनी विरोध केला, राजाचे मन फिरले आणि एमीनला तेथून निघावे लागले.

एमीनच्या पुस्तकात सिमेओन खलनायक आहेत. तथापि सुलतानाचे पाशे आणि इराणी खान यांच्या कचाट्यात ज्यांची प्रजा विखुरलेली, बंडाची नुसती वार्ता उठली तरी ज्यांच्या गावांवर सूड उगवला जाणार, त्या धर्माधिकाऱ्याने अर्ज, नजराणे आणि सबुरी यांनीच शांतता राखण्याचा प्रयत्न केला, यात भ्याडपणापेक्षा जबाबदारीच मला अधिक दिसते.

खरी गंमत मद्रासेत आहे. तेथील धनाढ्य व्यापारी शाहामीर शाहामीरियान यांनी १७७२ साली छापखाना उभारला, आणि एमीनचा साथीदार मोव्सेस बाघ्रामियान याच्या नावाशी निगडित असलेले, तरुणांना स्वातंत्र्यासाठी चेतवणारे पुस्तक त्यातून बाहेर पडले. सिमेओनांनी ते जाळण्याचा हुकूम काढला. पण याच सिमेओनांनी १७७१ साली एच्मियाद्झिनला छापखाना काढला होता, पुढे १७७६ साली कागदाचा कारखानाही घातला, आणि या दोन्ही उद्योगांना द्रव्य पुरवणारा ग्रिगोर खोजाजानियान हा मद्रासचाच आर्मेनियन व्यापारी! म्हणजे बंडाची हाक आणि धर्मपीठाची सबुरी, दोहोंच्या शाईचा खर्च एकाच बंदराच्या नफ्यातून निघत होता. देशांतर केलेल्या समाजाची थैली दोन मते एकाच वेळी पोसू शकते, याचा इतका स्वच्छ दाखला मला अन्यत्र आढळला नाही.

एमीन १८०९ साली कलकत्त्यात वारला. त्याच्या वंशातील एमी आपकार यांनी १९१८ साली ते आत्मचरित्र कलकत्त्यातच पुन्हा छापले. माझा कौल, संकोचाने का होईना, सिमेओनांच्या सावधगिरीकडे झुकतो. पण पुस्तक जाळण्याचा हुकूम मला क्षम्य वाटत नाही. ज्याने मद्रासच्या पैशावर छापखाना चालवला, त्याने मद्रासच्या पुस्तकाला उत्तर छापूनच द्यावयास हवे होते.